‘मालवण पाहावं तर पावसात’: एका त्रस्त पुणेकराला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रियेखाली ‘एक त्रस्त पुणेकर’ एवढीच सही आहे. काका म्हणू की ताई कळत नाही, तेव्हा नुसतं तुम्ही म्हणते.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात अशी. ‘मालवण पाहावं तर पावसात’ हे माझं वाक्य वाचून तुम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चौघं आलात. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद. स्कूबा बंद. तारकर्लीला पाण्यात पाय घातला तर शिट्टी. सुरमई थाळी साडेचारशेला आणि तुकडा ‘थर्माकोलसारखा’. कुडाळ स्टेशनहून रिक्षाला भरमसाट पैसे. वर माझ्या लेखात ‘हे करू नका, ते करू नका’ची यादी. आणि शेवटी: ‘तुम्हाला पर्यटकांचे पैसे हवेत, पर्यटक नकोत.’

मी हे आईला वाचून दाखवलं. वाटलं होतं, ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, “खरा ताच सांगतत ते. जूनात कोणी कोणाक बोलवता काय?”

तेव्हा पहिली चूक माझी, आणि मोठी. ते वाक्य मी आमच्या पडवीत बसून लिहिलं. समोर पाऊस, माडांवरून निथळणारं पाणी, आत चुलीवर काहीतरी शिजतंय. मला कुठेही जायचं नव्हतं. गावातल्या माणसाला पावसातलं मालवण आवडतं ते याचसाठी, की सगळं बंद असतं. तुम्ही रजा टाकून, तिकिटं काढून आलात, तर तुमच्यासाठी ते नुसतंच बंद. एवढी साधी गोष्ट लिहिताना माझ्या डोक्यात आली नाही.

पण होडी ‘मुद्दाम अडवणूक म्हणून’ बंद ठेवतात, हे मात्र पटत नाही. मे संपता संपता किल्ल्याची वाहतूक थांबते ती सप्टेंबर उजाडल्यावर, समुद्र निवला असेल तरच सुरू होते. त्या दिवसांत होडीवाल्यांची कमाई शून्य. अडवणूक करून त्यांना काय मिळणार? किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक पसरलेत. किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडलं गेलं त्यात या खडकांचा वाटा मोठा, कारण वाट माहीत नसलेलं जहाज जवळ येऊच शकत नाही. जूनच्या लाटांत वाट माहीत असलेली होडीही तिथे फुटू शकते. (पायाभरणीसुद्धा २५ नोव्हेंबर १६६४ ची आहे, जूनची नाही.) पायाभरणीच्या वेळी पूजा झाली तो मोरयाचा धोंडा मात्र किनाऱ्यावरच आहे. तिथे उभं राहून, उधाणाचं पाणी तटावर आपटताना बघता येतं. हे मी लेखात लिहायला हवं होतं. तुम्ही जेटीवरून परत फिरलात, त्याचं वाईट वाटलं.

पाण्यात उतरण्याबद्दल एकच सांगते. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जण गेले. तो मे होता, पावसाळा अजून यायचा होता. शिट्टी वाजवणाऱ्याचा राग मानू नका.

आता सुरमई. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला खरा सल सुरमईचाच आहे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा काळ, आणि तसाही समुद्र जाऊ देत नाही. बोटी ओढून वर घेतलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. मग त्या दोन महिन्यांत तुमच्या ताटातली सुरमई आली कुठून? बर्फातून. बंदीच्या आधीची, नाहीतर कुठून तरी लांबून आलेली. कोरडी लागणारच. हॉटेलवाल्याने हे तुम्हाला सांगायला हवं होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्याचंही ऐका: गाडीतून उतरलेला माणूस बसायच्या आधी विचारतो, “सुरमई आहे ना?” नाही म्हटलं तर शेजारच्या हॉटेलात जातो. त्यामुळे बाराही महिने सुरमई ‘असते’.

आमच्याकडे प्रश्न वेगळा असतो. बाजारातून येणाऱ्याला विचारतात, “काय गावला?” जे गावलं ते शिजतं. ऑक्टोबरात बांगडा चांगला आला की तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, कधी पेडवे, कधी सौंदाळे, कधी तिसऱ्या. सुरमई पाहुण्यांसाठी. आणि जूनमध्ये? जूनमध्ये मालवणातल्या घरांत सुका बांगडा भाजतात, गोलम्याची, म्हणजे बारीक सुक्या कोलंबीची, किसमूर होते, काळ्या वाटाण्याचं सांबार होतं, खाडीतल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मिळाल्या तर दिवाळी. पहिल्या पावसानंतर टायकुळो उगवतो, तुम्ही त्याला टाकळा म्हणता, त्याची कोवळ्या पानांची भाजी. यातलं बहुतेक काही हॉटेलच्या कार्डावर नसतं, कारण कोणी मागत नाही. पण खाणावळीत आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात, आणि साडेचारशेपेक्षा पुष्कळ कमी पैशांत. तुम्ही चौघं दोन दिवस बर्फातली सुरमई खात होतात आणि शंभर पावलांवरच्या घरांत कुर्ल्या शिजत होत्या, या विचारानं मला तुमच्याहून जास्त चुटपुट लागली.

रिक्षाचं. तुम्ही लिहिता गाडी उशिरा आली म्हणून एसटी चुकली. बहुधा गाडी वेळेवरच होती. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांचा वेग कमी करतात, वेळा बदलतात, आणि एसटी जुन्या वेळेलाच निघून जाते. कुडाळ ते मालवण तीसेक किलोमीटर आहे. संध्याकाळी रिकाम्या परत येणाऱ्या रिक्षेचे पैसेही त्यात धरलेले असतात. तरी तुम्ही सांगितलेला आकडा मलाही जास्त वाटला. घासाघीस करायला हवी होती, पुण्याच्या माणसाला हे मी काय सांगावं! आणि एक, पुढे येणाऱ्यांसाठी: ‘सिंधुदुर्ग’ नावाचं स्टेशन ओरोसला आहे. किल्ला तिथे नाही. दर सुट्टीत कोणीतरी तिथे उतरून समुद्र शोधत असतं.

राहिली ती ‘करू नका’ची यादी. त्यातल्या बाटल्यांच्या कलमावर तुम्ही सगळ्यात चिडलात: ‘आम्ही काय बाटल्या फोडायला येतो का?’ तुम्ही नाही येत. पण चिवला किनाऱ्याच्या वाळूत काचा असतात आणि त्या गावातल्या कोणी टाकलेल्या नसतात. त्याच वाळूत रापण ओढतात. होडीतून अर्धगोल जाळं टाकतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पंधरावीस माणसं ओढतात, अनवाणी, टाचा वाळूत रुतवून मागे मागे सरकत. मागे बघता येत नाही. टाचेखाली काच आली तर त्या माणसाचे पुढचे कित्येक दिवस जातात, आणि रापणीत जो नाही त्याला वाटा नाही. माझ्या शेजारच्या घरात हे झालंय, म्हणून ते कलम ठळक अक्षरात आहे. काढणार नाही.

प्रवाळाचं कलमही राहील. किल्ल्याजवळच्या पाण्यात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. स्नॉर्केलिंगला उतरून प्रवाळावर उभं राहून फोटो काढायचा नाही, एवढंच त्यात म्हटलंय.

बाकी ‘पैसे हवेत, पर्यटक नकोत’ हे मे महिन्यापुरतं थोडं खरं आहे. बाजारपेठेत चालायला जागा उरत नाही, विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि प्रत्येक खोलीत दोनदा आंघोळ करणारी माणसं असतात. त्या दिवसांत आम्हीसुद्धा एकमेकांशी नीट बोलत नाही.

‘मालवण पाहावं तर पावसात’ हे वाक्य मी लेखातून काढलंय. त्याजागी लिहिलंय: ‘पहिल्यांदाच येत असाल तर दसऱ्यानंतर या. जून-जुलैत आलात तर किल्ला, पोहणं आणि सुरमई या तिन्हीची आशा सोडून या. धामापूरचं तळं आणि काठावरचं भगवतीचं देऊळ पाहा, बाजारातून खाजा घ्या, पाऊस जोरात असेल तर आंबोली गाठा.’

तुम्ही ऑक्टोबरात परत आलात तर आई म्हणते, जेवायला घरी या. बांगडा नक्की असेल. टायकुळ्याची भाजी मात्र तेव्हा मिळणार नाही, तोवर तो निबर होतो.