दहा आकड्यांची सवय

दर दोन-चार वर्षांनी भारतातल्या मोबाइल नंबरांबद्दल एखादी अफवा उठते आणि घरच्या ग्रुपवरून ती इथे लंडनला येऊन पोचते. २०१८ मध्ये नंबर तेरा आकडी होणार म्हणून गडबड उडाली. ते तेरा आकडे माणसांसाठी नव्हतेच, यंत्रांत बसवायच्या सिमसाठी होते. मे २०२० मध्ये अकरा आकड्यांची बातमी पसरली आणि आपण असं सुचवलंच नाही, असा खुलासा ट्रायला, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाला, करावा लागला. जून २०२४ मध्ये ट्रायने नंबरांच्या राष्ट्रीय आराखड्यावर चर्चापत्र काढलं, तर दुसरं सिम बाळगलं की पैसे भरावे लागणार असं कुणीतरी सोडून दिलं. तेही खोटंच निघालं. वाद दरवेळी दोनच गोष्टींवर होतो, आकडे किती आणि पैसे किती. हे आकडे संगणकात ठेवताना त्यांच्यासोबत आणखी काय ठेवायचं, हा प्रश्न कुणी काढत नाही. खरी गोची मात्र तिथेच आहे, आणि देशाबाहेर राहणाऱ्याला ती रोज नडते.

माझं गाव पुणे. पुण्याचा कोड ०२०. लंडनचाही ०२०. दोन्हीकडे कोडापुढे आठ आकडे. तेव्हा देशाचा कोड गाळून नुसता नंबर लिहून ठेवला, तर तो फोन शिवाजीनगरला वाजणार की साउथॉलला, हे आकडे बघून छातीठोक सांगता येत नाही. जगभराचा नियम तसा सोपा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या शिफारशीप्रमाणे आधी देशाचा कोड, एक ते तीन आकड्यांचा, मग देशांतर्गत नंबर, आणि सगळे मिळून जास्तीत जास्त पंधरा आकडे. समोर अधिकचं चिन्ह. हे पाळलं की पुण्याचा नंबर +९१ २० असा सुरू होतो, लंडनचा +४४ २०, आणि भानगड मिटते.

कागदावर मिटते, यादीत नाही. आमच्या भागातल्या गणपतीला स्वयंसेवकांची यादी एक्सेलमध्ये असते. फोन नंबरांचा रकाना बघण्यासारखा. कुणी शून्यासकट लिहिलेलं, पण एक्सेलने ती संख्या समजून पुढचं शून्य खाऊन टाकलेलं. कुणाचा भारतातला नंबर ९१ लावून बारा आकडी झालेला, म्हणून एक्सेलने त्याचं ९.१९८२२ई+११ करून ठेवलेलं. एका काकांनी पुण्याच्या ऑफिसचा नंबर लेटरहेडवर असतो तसाच उतरवला होता, शेवटी तिरकी रेघ आणि पुढे ५५, परत तिरकी रेघ आणि ५६. म्हणजे तीन फोन, शेवटचे दोन आकडे बदलून. आपल्याकडे शाळकरी पोरालाही हे कळतं, प्रोग्रॅमला मात्र त्यात एकच लांबलचक, मोडका नंबर दिसतो.

फोन नंबराची कुणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. म्हणजे तो संख्या म्हणून ठेवायचं काही कारण नाही. पण सलग अक्षरं म्हणून कोंबूनही भागत नाही, कारण त्याला भाग असतात: देश, विभाग, ग्राहक, कधी कार्यालयातलं एक्स्टेन्शन. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने मालिका-नाटकांसाठी काही नंबर राखून ठेवलेत, त्यातलाच एक घेतो म्हणजे कुणाला त्रास नको: ०२० ७९४६ ००१८. याचे तुकडे ४४, २० आणि ७९४६००१८. पुढचं शून्य नंबराचा भागच नाही, देशातल्या देशात फिरवताना लावायची ती खूण आहे. तरी इथले जुने लोक अजून ‘०२०७’ म्हणूनच सांगतात, कारण २००० सालच्या एप्रिलपर्यंत मध्य लंडनचा कोड ०१७१ होता, तो ०२० झाला तेव्हा तिथल्या नंबरांच्या सुरुवातीला ७ लागलं आणि ते ७ त्यांच्या डोक्यातल्या कोडाला चिकटून राहिलं. पुण्याचाही जुना कोड ०२१२ होता, पण ‘०२०२’ म्हणणारा पुणेकर मला भेटलेला नाही. या बाबतीत आपण हुशार.

आपली व्यवस्था मुळात फार देखणी आहे, हे परदेशात आल्यावर लक्षात आलं. पुण्याचा कोड २०, पुढे आठ आकडे. नागपूरचा ७१२, पुढे सात. साताऱ्याचा २१६२, पुढे सहा. शून्य सोडलं तर कुठूनही दहाच. मोबाइलही दहाच. या नेमकेपणानेच आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना आळशी करून ठेवलं. ‘दहा आकडे आहेत का?’ एवढं विचारलं की झालं काम. पुढे कुणीतरी जास्त शहाणपणा करून पहिला आकडा ७, ८ किंवा ९ असलाच पाहिजे, अशी अट घातली आणि ती ओळ या फॉर्मातून त्या फॉर्मात चिकटवली गेली. मग ६ ने सुरू होणारे नंबर बाजारात आले, आणि हातात चालू फोन असलेल्या माणसाला स्क्रीन सांगायला लागली की तुमचा नंबर अवैध आहे.

युरोपात हा आळस परवडत नाही, कारण इथे सगळाच विस्कळीतपणा. जर्मनीत नंबर लांबीला कमी-जास्त असतात, आणि कार्यालयाच्या नंबरापुढे एक्स्टेन्शनचे आकडे सरळ जोडून फिरवतात. इटलीत तर १९९८ पासून लँडलाइनचं पुढचं शून्य बाहेरदेशातून फोन करतानाही लावावं लागतं: रोमचा नंबर +३९ ०६. म्हणजे ‘पुढचं शून्य उडवा’ हा भारतात आणि ब्रिटनमध्ये चालणारा नियम रोममध्ये चुकीचा. गूगलची लिबफोननंबर नावाची सर्वांना खुली लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायची तयार आज्ञावली आहे, तिच्या रचनेत देशाचा कोड, देशांतर्गत नंबर आणि एक्स्टेन्शन यांना वेगवेगळे रकाने आहेत. गंमत म्हणजे देशांतर्गत नंबर त्यांनीही संख्या म्हणूनच ठेवला, आणि मग हरवलेल्या शून्यासाठी खास इटलीच्या नावाचा एक रकाना काढावा लागला. मला त्यातला सगळ्यात आवडणारा रकाना वेगळाच आहे. माणसाने नंबर जसा लिहिला तसाच्या तसा, कंस-रेघांसकट, बाजूला ठेवायची सोय त्यात आहे. आणि तिच्या जावा आवृत्तीला देवनागरी आकडेही कळतात, हे आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्या वाचणाऱ्यांना सांगायलाच हवं.

दहा आकड्यांच्या चाळणीची खरी परीक्षा घ्यायची तर मुलांच्या हेल्पलाइनवर घ्यावी. ब्रिटनमध्ये चाइल्डलाइनचा नंबर ०८०० ११११, शून्य सोडून सातच आकडे. भारतात १०९८, चारच. दोन्ही नंबर असल्या फॉर्मात नापास. १०९८ ला तर +९१ लावून लंडनहून फोनही करता येत नाही, तो भारतातच चालतो. इंटरनेटवर फोन नंबर कसा लिहावा हे ठरवणाऱ्या २००४ सालच्या आरएफसी ३९६६ या मानकात याची तजवीज आहे: असा स्थानिक नंबर लिहिताना तो कुठल्या हद्दीतला, हे सोबत लिहिणं बंधनकारक. १०९८, हद्द +९१. हद्दीविना नुसते चार आकडे म्हणजे कुठलाच फोन नाही.

आता इथले लोक फार शिस्तीचे, असा कुणाचा समज झाला असेल तर तो काढून टाका. +४४ आणि पुढे कंसात शून्य हा प्रकार ब्रिटिश लेटरहेडवर सर्रास दिसतो, आणि परदेशातला माणूस ते शून्यही फिरवून मोकळा होतो. इथल्याच एका शाळेच्या फॉर्ममध्ये अडीअडचणीला संपर्क म्हणून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीचा भारतातला नंबर टाकायला गेलो, तर ०७ ने सुरू होणाराच नंबर हवा. शेवटी पत्त्याच्या रकान्यात लिहिला. विस्कळीतपणातून शिस्त आपोआप येत नाही, तिथेही कुणीतरी कष्ट घ्यावे लागतात.

भारतातल्या मित्रांचं म्हणणं असतं, परदेशी नंबर घ्यायचेच कशाला? ओटीपीला खर्च, फसवणुकीची भीती, मूठभर अनिवासींसाठी एवढा खटाटोप का? खर्च आणि फसवणूक हे मुद्दे मी उडवून लावत नाही. पण नंबर नीट लिहून घेणं आणि त्यावर ओटीपी पाठवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि आपण पहिल्याला नकार देऊन दुसरा टाळतो. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ब्रिटन, अमेरिका, सिंगापूर, अमिरातीसह दहा देशांच्या नंबरांवरून एनआरई-एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या बँक खात्यांना यूपीआयची परवानगी दिली. ‘या दहा कोडांना हो, बाकीच्यांना तूर्त नाही’ असं म्हणायला आधी कोड वेगळा साठवलेला असावा लागतो. ज्या ॲपच्या रकान्यात दहाच आकडे मावतात, ते परवानगी पाळणार कशी? माझ्या ओळखीतले कितीतरी जण फक्त ओटीपीसाठी भारतातलं सिम रिचार्ज करत बसतात, ते याच रकान्यापायी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने आणखी एक शिफारस केली: लँडलाइनवरून लँडलाइनला फोन करताना, गावातल्या गावातही, शून्य आणि एसटीडी कोडसकट पूर्ण नंबर फिरवावा. सध्याचे नंबर त्यासाठी बदलायचे नाहीत. ज्यांनी +९१ २० पासून सगळं लिहून ठेवलंय, त्यांना एक अक्षर हलवायला नको. ज्या कचेऱ्यांच्या कोष्टकात नुसते सहा, सात, आठ आकडे कोडाविना पडलेत, त्यांनी कुठला नंबर कुठल्या गावचा हे शोधायला आत्तापासून माणूस बसवावा. जुना माणूस असला तर बरा, तो निवृत्त व्हायच्या आत.