सुरक्षा अधिकाऱ्याने सुरक्षित कसं राहावं

महापे एमआयडीसीतल्या एखाद्या पर्यावरण सल्लागार कंपनीत ‘सुरक्षा, प्रशिक्षण व सामाजिक जबाबदारी’ अशा भरघोस हुद्द्यावर तुमची नेमणूक झाली असेल, तर पहिल्या दिवशी एकच वस्तू मागून घ्या. रजिस्टर. हेल्मेटचं नंतर बघू. हेल्मेट एक डोकं वाचवतं, सह्यांनी भरलेलं रजिस्टर अख्खी मॅनेजमेंट वाचवतं.

आपला धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या कारखान्यांची हवा आणि पाणी तपासायचं. त्यासाठी रबाळ्यात कुणीतरी चिमणीवर चढतं, तुर्भ्यात कुणीतरी सांडपाण्याच्या टाकीवर ओणवं होतं. ते कुणीतरी म्हणजे अर्थातच तुम्ही नव्हे. तो ठेकेदाराचा हेल्पर. त्याला प्रशिक्षण द्यावं लागतं, जरूर द्या. स्लाइड इंग्रजीत ठेवा, म्हणजे शंका कमी येतात. फुल बॉडी हार्नेस, म्हणजे उंचावरून पडताना धरून ठेवणारा अंगभर पट्टा, चित्रातच दाखवा. खरा कपाटात राहू दे, ऑडिटच्या दिवशी तो कोरा करकरीत दिसायला हवा. शेवटी दहा मार्कांची परीक्षा घ्या आणि पेपर तुम्हीच सोडवा. मात्र एकाला तरी सातच द्या. सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले की ऑडिटर चष्मा पुसायला लागतो.

बंदिस्त टाकीत माणूस उतरवायचा तर वर्क परमिट, म्हणजे कामाचा परवाना-फॉर्म, लागतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही, असं त्यावर छापलेलंच असतं. तुम्ही रकान्यात २०.९ लिहून मोकळे व्हा. मीटरचं कॅलिब्रेशन संपलेलं असो, नाहीतर बॅटरी कुणीतरी भिंतीवरच्या घड्याळात घातलेली असो, हा आकडा दगा देत नाही. मोकळ्या हवेत ऑक्सिजन तेवढाच असतो, आणि फॉर्म तुम्ही मोकळ्या हवेत उभे राहूनच भरता. यात खोटं ते काय?

हेल्पर म्हणेल, “साहेब, सडक्या अंड्यांचा वास मारतोय.” त्याला धीर द्या, जाईल म्हणावं. आणि जातोही! तो वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा. तो १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) आसपास पोचला की नाक बधिर होतं. वास गेला, तक्रार गेली. वायू तेवढा जागेवरच. शिवाय तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, वर फाइल धरून उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला सहसा त्रास देत नाही. निसर्गालाही हुद्द्याची चाड आहे म्हणायची. खाली पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर तीन ओळी येतात. माणूस वर ओढायची तिपाई, दोर आणि बाहेर एक जागता माणूस एवढं असलं तर हे टळतं, हे काही गुपित नाही. म्हणून तर परमिटवर त्या तिन्हींपुढे ‘उपलब्ध’ अशी टिक आधीच छापून घेतात.

‘थोडक्यात वाचलो’ अशा घटनांचं एक वेगळं रजिस्टर असतं. ते कोरंच ठेवा. पहिली नोंद करणाऱ्याला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापलं, की दुसरी नोंद येत नाही.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आपल्याच सीबीडी बेलापूरला आहे. तेव्हा आठवडाभर शपथ, पोस्टर आणि समोसे, यांत कसूर नको.

आता सामाजिक जबाबदारी. २०१३ च्या कंपनी कायद्यातली, नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करण्याची अट आपल्याला लागत नसेलही, कारण नफा ५ कोटींपर्यंत पोचला तर ना! पण कायद्याने मागितलं नाही म्हणून फोटो काढू नयेत असं थोडंच आहे? ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला, तेव्हा किनारा सफाई तिथेच करा. प्रत्येकाला नवा टी-शर्ट, प्लास्टिकच्या डब्यात पोहे, पाण्याची बाटली. निघताना मागे काही राहिलंच, तर पुढच्या वर्षीच्या मोहिमेची सोय झाली. फ्लेमिंगो गलक्याने उडाले तर उत्तम, फोटोला पार्श्वभूमी मिळते. पारसिकच्या डोंगरावर झाडं लावायची तर गेल्या जूनचेच खड्डे वापरा. रिकामेच असतात.

याच पैशातून हेल्परला गमबूट द्यावेत असं एखादा नवशिका सुचवेल. त्याला नियम दाखवा: फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. तो म्हणेल, हेल्पर आपला कर्मचारी कुठे, तो तर ठेकेदाराचा! अशा मुलाची लवकरात लवकर पुण्याला बदली करून टाका.

वर्षाच्या शेवटी सेफ्टी अवॉर्डचा अर्ज भरायचा असतो. त्यात ‘अपघात : शून्य’ लिहिताना हात कापू देऊ नका, ठेकेदाराची माणसं आपल्या मस्टरवर नसतात. शिडीवरून घसरून कुणाचा पाय मोडलाच, तर त्याला दवाखान्यात रिक्षाने पाठवा आणि भाडं खिशातून द्या. कंपनीची गाडी दिली, की लॉगबुकात नोंद होते.