एका फोटोचे तीन केले की एचडीआर होत नाही, काका!

एचडीआर म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून उजळ आणि गडद दोन्ही भाग नीट दिसतील असा एक फोटो करणं. ‘एचडीआरचं सत्य’ नावाचा एक फॉरवर्ड आठ-दहा दिवस व्हॉट्सॲपवर फिरतोय. मी वाचून सोडून दिला होता. पण तो आमच्या काकांकडे पोचला आणि त्यांनी तो चक्क पाळला. दिवाळीत गावच्या घराचे ब्रॅकेटिंग करून, म्हणजे एकाच दृश्याचे कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन-तीन, काढलेले फोटो कार्डावर होते. प्रत्येक तिनातला मधला ठेवून बाकीचे दोन त्यांनी उडवले. कारण फॉरवर्ड सांगतो: ‘मधली जेपेग ठेवा. तिच्याच एक उजळ आणि एक गडद कॉपी करून तिन्ही जोडा, जागा वाचेल.’

जागा वाचली खरी.

आता काय गेलं ते बघा. माजघरातून अंगणाकडे बघत काढलेला फोटो. मधल्या फ्रेममध्ये शटर १/१५ सेकंद उघडं: फडताळ काळंठिक्कर, दाराबाहेर सगळं पांढरंफटक. १/६० च्या फ्रेममध्ये तुळशीवृंदावन होतं, १/४ च्या फ्रेममध्ये फडताळातल्या बरण्या. दोन्ही उडाल्या. जेपेग या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या पायऱ्या २५६, शून्य ते २५५. उजेड २५५ च्या वर गेला की भिंत काय नि तुळस काय, सगळं २५५. ते गडद केलंत तर पांढऱ्याचा राखाडी होतो, वृंदावन होत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काळोख उजळलात तर बरण्यांऐवजी रवाळ दाणे दिसतात. सॉफ्टवेअर बिचारं तिन्ही कॉप्या मुकाट जोडून देतं, चित्र भडक होतं आणि लोकांना वाटतं, जमलं!

पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक (हे आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले) या संगणकशास्त्रज्ञांनी १९९७ साली सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत एचडीआरवर जो निबंध मांडला, त्याचा पायाच हा आहे: कॅमेरा जागचा हलवायचा नाही आणि एकाच दृश्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घ्यायचे. त्यांची तुलना करून कॅमेरा उजेडाची नोंद कशी करतो ते काढायचं आणि त्यावरून दृश्यातल्या उजेडाचं प्रमाण. एकाच फाइलच्या तीन कॉप्यांत तुलना कशाची करणार?

बाकीचे मुद्दे पटापट. ‘हे मोबाइल कंपन्यांचं फॅड आहे.’ गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर १८५० च्या दशकात समुद्राच्या फोटोंसाठी आकाशाची एक आणि पाण्याची दुसरी निगेटिव्ह वापरायचा. कुठल्या मोबाइलवर? ‘तीन क्लिकने शटर झिजतं.’ झिजतं की. चालल्याने चपलाही झिजतात.

‘खरा फोटोग्राफर एकाच क्लिकमध्ये काढतो’ यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. चांगला सेन्सर असेल, रॉ फाइल (सेन्सरची जेपेग न केलेली मूळ नोंद) असेल आणि बाहेरचा उजेड जपून एक्स्पोजर दिलं असेल, तर बऱ्याचदा एक फ्रेम पुरते. वाऱ्याने पानं हलत असतील तर एकच बरी, जोडलेल्या फोटोत पानांची भुतं होतात. पण फॉरवर्ड जेपेगबद्दल बोलतोय! आणि हो, कळसाभोवती पांढरी प्रभावळ असलेली ती एचडीआरवाली भडक देवळं मलाही बघवत नाहीत. मीही एके काळी तसली काढलीत. तो दोष स्लायडर शेवटपर्यंत ओढणाऱ्या बोटाचा.

काका म्हणतात, कार्ड अजून फॉरमॅट केलेलं नाही. त्यावर नवा एकही फोटो काढू नका म्हणून बजावलंय. शनिवारी जाऊन रिकव्हरी चालवून बघतो. माजघर पाडून तिथे आता स्लॅब पडलाय, पुन्हा काढायची सोय नाही.