तेरावा टेक

आधीच सांगून टाकते, नंतर कुणी 'तू तर आतलीच' म्हणायला नको. ज्या पायलटबद्दल, म्हणजे मालिकेच्या पहिल्या नमुना भागाबद्दल, लिहितेय तो मीच एडिट केलाय. पैसे घेतले नाहीत, कारण कुणी दिलेच नाहीत. कॉलेजात शिकणारी, व्हिडिओ ब्लॉग करणारी एक मुलगी, तिची चोवीस मिनिटांची कॉमेडी-ड्रामा गोष्ट. पाठीशी ना चॅनल ना ओटीटी प्लॅटफॉर्म. चौघा मित्रांनी पदरमोड करून सुट्टीच्या दिवसांत शूट केलंय.

ज्याला दाखवावा तो एकच विचारतो: "मग सरळ व्हिडिओ ब्लॉगच का नाही काढत?" एका प्लॅटफॉर्मवाल्या साहेबांनीही हेच विचारलं, तेही पहिली पाच मिनिटं बघून. तेव्हा डोकं फिरलं होतं. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता, उत्तर आमच्याकडे नव्हतं.

कारण ब्लॉगच्या रूपात गोष्ट सांगणं वेबवर कधीच होऊन गेलंय. २००६ साली यूट्यूबवर 'लोनलीगर्ल१५' नावाने ब्री ही सोळा वर्षांची मुलगी आपल्या खोलीतून बोलायची. लोकांना ती खरीच वाटली. सप्टेंबरात उघड झालं की ती जेसिका रोझ नावाची अभिनेत्री आहे आणि मागे लेखक, दिग्दर्शक, सगळा लवाजमा आहे. २०१२ मध्ये 'द लिझी बेनेट डायरीज' आली. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीची नायिका इथे मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी झाली आणि शंभर भाग कॅमेऱ्यासमोर बसून बोलत राहिली. आईची गोष्ट सांगायची तर स्वतःच आई होऊन नक्कल करायची. खरी आई कशी आहे हे आपल्याला कधी पडताळून बघताच येत नाही, आणि मजा सगळी त्यातच. पुढे त्या मालिकेला एमी हा अमेरिकी टीव्हीचा पुरस्कारसुद्धा मिळाला.

मग टीव्हीच्या पायलटने वेगळं काय द्यायचं? माझ्या मते एकच गोष्ट: रेकॉर्डिंगचं बटण बंद असतानाची मुलगी. अपलोड झालेला व्हिडिओ आपण रोजच बघतो. डिलीट झालेला कुणी दाखवत नाही.

हे मला एडिट टेबलावर कळलं, तेही एका चुकीमुळे. पहिल्या कटमध्ये ब्लॉगचे तुकडे खोटे वाटत होते. संवाद चांगले, मुलगी गुणी, तरी वृत्तनिवेदिका बातम्या देतेय असं काहीतरी. पंधरावीस वेळा बघितल्यावर ट्यूब पेटली: ती थेट लेन्समध्ये बघत होती. ब्लॉग करणारं माणूस तसं बघत नाही. त्याच्या कॅमेऱ्याचा छोटा स्क्रीन उलटा, त्याच्याकडे वळवलेला असतो आणि त्यात त्याला स्वतःचाच चेहरा दिसत असतो. नजर सारखी तिकडे घसरते, मग आठवण होते, मग परत लेन्स. आमच्या शूटमध्ये बॅटरी वाचावी म्हणून तो स्क्रीन मिटलेला होता!

परत शूट केलं, स्क्रीन उघडा ठेवून. दोन मिनिटांत ती अभिनय विसरली. बोलता बोलता नजर बाजूला गेली, कानामागची बट पुढे ओढली, ती आवडली नाही, परत मागे सारली आणि वाक्य पुरं केलं. मोजून दोन सेकंद. अख्ख्या पायलटमधला माझा सगळ्यात लाडका तुकडा.

  

आता तो सीन. रूममेट खोली सोडून गेलीय आणि आमच्या मुलीला ते प्रेक्षकांना सांगायचंय. पहिल्या टेकला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पहिल्या प्रयत्नाला, ती म्हणते, "ती गेली. मला न सांगता गेली." थांबते, डिलीट करते. दुसऱ्यात "आम्ही बोललो." पाचव्यात "आम्ही दोघींनी मिळून ठरवलं." दर टेकला हसू थोडं रुंद होतं, आवाज थोडा चढतो. तेराव्याला सगळं जमून येतं आणि नेमकं तेव्हाच दार उघडतं. रूममेट चार्जर न्यायला आलीय. तिने ऐकलंय. काही न बोलता चार्जर काढते आणि निघते. आमची मुलगी म्हणते, "फ्रेममध्ये आलीस गं. परत एकदा जाशील?"

ती परत एकदा जाते.

कॉमेडी-ड्रामा म्हणजे हे. नाहीतर व्याख्येच्या नावाने आनंदच आहे. एमीवाल्यांनी २०१५ मध्ये ठरवलं होतं की अर्ध्या तासाची मालिका ती कॉमेडी आणि तासाभराची ती ड्रामा. २०२१ च्या अखेरीस तो नियम त्यांनीच काढला. म्हणजे मधली काही वर्षं रडायचं असेल तर तासभर काढायला लागायचा.

इथे पायलट संपायला हवा होता. पण पुढे सहा मिनिटं आहेत आणि त्यांच्यावर माझा राग आहे. त्यात प्राध्यापक येतात, वडिलांचा फोन येतो, एक मुलगा येतो आणि शेवटी व्हिडिओ व्हायरल होतो. स्क्रीनवर आकडे पळतात, सगळ्यांचे फोन टिंगटिंग वाजतात. किती वेळा बघायचं हे? मूळ स्क्रिप्टमध्ये तिचे प्रेक्षक एक्केचाळीस होते आणि बेचाळिसावा कोण हे तिला लगेच कळायचं. ते कितीतरी जास्त मजेशीर होतं, आणि भीतीदायकही.

दिग्दर्शक म्हणतो, पायलट म्हणजे नमुना, विकत घेणाऱ्याला पुढची सगळी दुकानदारी दिसली पाहिजे. अरे, पण नमुना मागितलाय कुणी? 'इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया' या अमेरिकी विनोदी मालिकेवाल्यांनी घरच्या कॅमेऱ्यावर केलेल्या पायलटमागची मूळ कल्पना इतकीच होती: एक जण मित्राकडे साखर मागायला जातो, मित्र सांगतो मला कॅन्सर झालाय, आणि ह्याला फक्त साखर घेऊन सटकायचंय. एफएक्स या अमेरिकी चॅनलने त्यातला माणसांचा स्वभाव ओळखला, पायलट परत शूट करून घेतला आणि २००५ मध्ये मालिका सुरू झाली.

हे सगळं दिग्दर्शकाला सांगून झालं. व्हायरलचा भाग राहणार म्हणतो. वर लांबी कमी करायची तर केसांचे ते दोन सेकंद काढ म्हणतो, "तिथे काही घडत नाही."

प्रोजेक्टची फाइल माझ्याकडे आहे.