नियम 14.3 पहावा

युद्धखेळांचं परीक्षण लिहितो म्हटलं की लोक म्हणतात, मजा आहे बुवा! त्यांनी या वेळचं खोकं उघडलेलं नाही. आत टेबल व्यापून खाली लोंबणारा नकाशा, त्यावर षट्कोनांचं पोळं, पुठ्ठ्याच्या अर्ध्या इंची सोंगट्यांचे आठ तक्ते आणि 56 पानी नियमपुस्तिका. पान 9 म्हणतं, 'पुरवठ्यासाठी नियम 14.3 पहावा.' 14.3 म्हणतो, 'अपवाद वगळता 9.1 प्रमाणे.' अपवाद सापडले खोक्याच्या तळाशी, शुद्धिपत्रात. खेळ अजून बाजारात यायचाय, शुद्धिपत्र मात्र वेळेवर आलंय.

सोंगट्या सुट्या करण्यात एक संध्याकाळ गेली, मांडण्यात दुसरी. एका षट्कोनात चार सोंगट्यांची चळत. ती श्वास रोखून चिमट्याने उचलायची. तिसऱ्या दिवशी मला शिंक आली आणि एक अख्खी चिलखती डिव्हिजन नदीपार झाली. पूल नसताना.

पण तक्रार कुठल्या तोंडाने करू? 1979 साली दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवर 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका' नावाचा खेळ निघाला. खेळाडू 10, वेळ अंदाजे 1500 तास. आठवड्याला तीन तास बसलं तर साडेनऊ वर्षं. खरी मोहीम जून 1940 ते मे 1943, म्हणजे तीन वर्षांच्या आत आटोपली होती! शिवाय त्यात इटालियन तुकड्यांना पास्ता उकडायला जादा पाणी पोचवावं लागतं. माझी मुदत शुक्रवारची आहे.

संगणकावरच्या खेळांना शिंकेचं भय नाही, पण तिथे 'एवढी एक पाळी, मग झोपतो' हा आजार आहे. परीक्षणात त्याला 'खिळवून ठेवणारा' म्हणायचं. साहसखेळाचं तर विचारूच नका. परवा एका बंद दारापुढे दोन दिवस घालवले, शेवटी चोरून उत्तर पाहिलं आणि लिहिलं, 'कोडी कल्पक आहेत.'

आमच्या धंद्याचा मूळपुरुष मी प्रशियाच्या जनरल म्युफलिंगला मानतो. 1824 मध्ये त्याने राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ पाहिला आणि हे तर युद्धाचं शिक्षण आहे म्हणून साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली. सोपं होतं त्याला. तो नुसता बघत होता, खेळत नव्हता.

मी खेळतो. या वेळी तीनास एक अशा बळाने हल्ला चढवला. तक्त्याप्रमाणे फाशावर फक्त एक पडला तरच माघार. एक पडला. पुन्हा एक. लागोपाठ चार वेळा एक! 1296 शक्यतांमधली ही एकच, आणि ती माझ्या वाट्याला. सैन्य गेलं, राजधानी गेली. रात्री साडेअकराला मी तावातावाने लिहायला बसलो : 'खेळाचा समतोल साफ ढासळलेला आहे. बचाव करणाऱ्याला अवाजवी झुकतं माप मिळतं. पाचपैकी दोन तारे.'

बायको पाणी प्यायला उठली होती. तिने मागे उभं राहून पडद्यावरचं वाचलं, मग टेबलाकडे पाहिलं. एकच खुर्ची होती.

"समोर कोण होतं रे?"

"कोणी नाही. परीक्षणासाठी दोन्ही बाजू मीच खेळतो."

"मग तू जिंकलास की!"

मी बराच वेळ विचार केला आणि अडीच तारे केले.