‘संतोष’ लंडनला लागतो, लखनौला नाही

संध्या सुरी यांचा ‘संतोष’ मार्च २०२५ मध्ये मी लंडनच्या थिएटरात पाहिला आणि बाहेर पडताच सोलापूरला मावसबहिणीला फोन लावला. ती पोलीस शिपाई आहे. “दादा, आमच्याकडे कधी लागणार?” तिने विचारलं. चित्रीकरण लखनौ परिसरात, भाषा हिंदी, ब्रिटनने तो ऑस्करसाठी पाठवलेला. पण सेन्सॉर बोर्डाने सुचवलेल्या कापाकापीची यादी इतकी लांब होती की दिग्दर्शिकेने ती मान्य केली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओटीटीवर यायचा होता, तेही बारगळलं.

गोष्ट अशी. नोकरीवर असताना मारल्या गेलेल्या हवालदाराच्या बायकोला, संतोषला, अनुकंपा तत्त्वावर त्याची जागा मिळते. एका दलित मुलीचं प्रेत गावच्या विहिरीत सापडतं. ती बेपत्ता असल्याचं सांगायला आलेल्या बापाला ठाण्यात आधी कुणी दाद दिलेली नसते. बोंबाबोंब झाल्यावर तपासाला गीता शर्मा ही महिला निरीक्षक आणली जाते. संशय एका मुसलमान मुलावर येतो, आणि कोठडीत त्याला मारणाऱ्या हातांत संतोषचेही हात असतात.

आमच्या इथल्या, लंडनच्या मराठी वर्तुळात यावर चिडचिड झाली. “बाहेरच्या पैशाने आपली बदनामी.” हीच माणसं, आणि त्यांत मीही आलो, इथल्या गुन्हेगारी मालिकांबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करतो की आपला माणूस फक्त दुकानाच्या गल्ल्यावर किंवा बॉम्बच्या कटात दिसतो. डिटेक्टिव्ह सावळा असावा, नाव आपलं असावं, म्हणून आपण भांडलो. ते भांडण खरंच होतं. शाळेत हिणवली गेलेली आमची पोरं आम्ही पाहिली आहेत.

पण डोकी मोजायची तर ‘संतोष’मध्ये काय कमी आहे? दिग्दर्शक बाई, नायिका बाई, तपास अधिकारी बाई. आणि नेमकं तिथेच हा चित्रपट मला हलवून गेला. शर्मा मॅडमला पुढे केलं जातं ते लोकांचा राग शांत करायला. बाई खुर्चीत बसली, पण खुर्चीचं काम तेच राहिलं. संतोषला वर्दीत पहिल्यांदा मान मिळतो, आणि त्या मानाची किंमत कोठडीतला तो मुलगा देतो. असं प्रतिनिधित्व आपल्याला सोसत नाही, कारण त्यात आपला माणूस पूर्ण माणूस असतो, अपराधासकट.

माझा एक आक्षेप आहे आणि तो मी सोडणार नाही. विहिरीतल्या मुलीच्या घरच्यांना फार थोडा अवकाश मिळाला आहे. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) आपण गावाकडे जब्याच्या जागेवरून पाहतो; इथे दलित वस्ती बाहेरून दिसते. यावर कडाडून वाद व्हायला हवा. पण ज्यांनी तो घालायचा त्यांना चित्रपटच दिसत नाही, आणि वाद घालतो कोण, तर आम्ही, इथे बसून.

जात हा तिकडचा प्रश्न, असं इथे म्हणायची सोय आहे. प्रिमरोझ हिलजवळचं, १० किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. पाहुण्यांना आम्ही ते अभिमानाने दाखवतो. पण जातीवरून होणाऱ्या भेदभावाला समानता कायद्यात स्पष्ट जागा द्यायची नाही, असं ब्रिटिश सरकारने २०१८ मध्ये ठरवलं, तेव्हा आमच्यातले कितीतरी जण सुखावले होते. मुलांच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की कारण कळतं.

बहिणीला मी फोनवर अर्धा तास गोष्ट सांगितली. ती मध्येमध्ये थांबवून विचारत होती. पंचनाम्याला कोण होतं? बापाची तक्रार पहिल्या दिवशी का नोंदवली नाही? हात उचलायला सांगतात तेव्हा ती बाई किती वेळ थांबते? हा शेवटचा प्रश्न आमच्या इथल्या चर्चेत कुणालाच सुचला नव्हता.

“मग ती वर्दी ठेवते की काढते?” तिने विचारलं. मी सांगितलं नाही. ते तिने सोलापूरच्या थिएटरात बसून पाहायला हवं.