आभार मानले, पावती जोडली आहे

आमच्या न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणाला, कृतज्ञ व्हावंच लागतं. टर्की आमच्यात कुणी खात नाही, म्हणून मसालेभात आणि क्रॅनबेरीचं लोणचं. पण पानावर बसल्यावर आळीपाळीने आभार मानायचे, ही मुलाने शाळेतून आणलेली प्रथा मात्र चुकत नाही. यंदा सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी विठ्ठलाचे आणि गुडघ्याच्या डॉक्टरांचे मानले. मुलाने वायफायचे. नवरा म्हणाला, "देवाने सगळं दिलंय, आता काही नको." हे म्हणताना त्याचा डावा अंगठा टेबलाखाली फोनवर सरकत होता.

"काही नको म्हणालास ना रे?"

"आई, चाळीस टक्के सूट आहे!"

त्याला एकट्याला दोष नको. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. रीतीप्रमाणे शेवटच्या गुरुवारी सण धरला, तर त्यानंतर सुरू होणाऱ्या नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडणार. दुकानदारांनी गळ घातली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आख्खा सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी मानलं, काहींनी नाही, टेक्सासने दोन्ही दिवस पाळले. स्मार्त आणि भागवत एकादशीच म्हणा ना! शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून चौथा गुरुवार ठरवला, तेव्हा घोळ मिटला.

मग महिनाभर खोकी येत राहिली. नाताळला शेजारच्या इटालियन आजींनी सासूबाईंना भेट दिली. कार्डावर थरथरत्या अक्षरात, 'तुमच्यासारखे शेजारी लाभले हे आमचं भाग्य.' त्याखाली स्टेपल केलेली गिफ्ट रिसीट. हिच्यावर किंमत नसते, फक्त बारकोड. भाग्य पटलं नाही तर वस्तू परत करता येते. खोक्यात अंडी उकडायचं यंत्र होतं. सासूबाई अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत.

"प्रेमाने दिलंय, परत कसलं करतेस?" त्या म्हणाल्या. (त्यांच्या कपाटातले ब्लाउजपीस वर्षानुवर्षं गावभर ओट्यांतून फिरतात, पण ते परत करणं नव्हे, पुढे पाठवणं.)

तरी सव्वीस डिसेंबरला आम्ही रांगेत. पुढच्या बाईंच्या हातात ब्रेडचं मशीन, त्यांच्या पुढच्या माणसाकडे पायमोज्यांचा गठ्ठा. काउंटरवरच्या मुलीची सांताची टोपी एका कानावर आली होती.

"काही बिघाड आहे का?"

"नाही. यंत्र चांगलं आहे, आम्हीच शाकाहारी आहोत."

तिने बारकोड टिपला. पैसे मिळणार नाहीत, म्हणाली. तेवढ्या रकमेचं कार्ड मिळेल, याच दुकानात खर्च करायचं.

मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"म्हणजे इथलं काहीही फुकट?" त्या म्हणाल्या आणि गुडघा विसरून ट्रॉली आणायला गेल्या.